कार्डाचा रंग

सरकारी नोकरीत तेहतीस वर्षं काढली, त्यातली जवळजवळ अकरा पुरवठा शाखेत. पुरवठा म्हणजे रेशन. नवीन कार्ड, दुबार कार्ड, नाव कमी करणं, नाव वाढवणं, सून आली, मुलगी गेली, म्हातारा वारला... एखाद्या घराचा इतिहास लिहायचा तर आमच्या रजिस्टरइतकं चांगलं साधन नाही, असं मी अजूनही म्हणतो. पण आज लिहायचंय ते त्या कार्डाच्या रंगाबद्दल आणि त्या रंगानं दवाखान्याच्या दारात काय काय केलं त्याबद्दल.

१ मे १९९९ पासून महाराष्ट्रात तिरंगी रेशनकार्डं आली. तुम्हाला आठवत असेल. वर्षाला पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला पिवळं, पंधरा हजारांच्या वर एक लाखापर्यंत केशरी आणि त्याच्यावर पांढरं. बाकी अटी होत्याच, चारचाकी नसावी, जमीन इतकी नसावी वगैरे. पण खरा खेळ त्या पंधरा हजारांचा. महिन्याला साडेबाराशे रुपये. माझी तेव्हा बदली एका तालुक्याच्या गावी होती (गावाचं नाव सांगत नाही, का ते पुढं कळेल) आणि टेबलावर अर्जांचे गठ्ठे यायचे. प्रत्येक अर्जात उत्पन्नाचा एक रकाना. त्या रकान्यात खरं काय लिहायचं हे अर्जदाराला माहीत नसायचं आणि मलाही. रोजंदारीवरच्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न कोण सांगणार? पावसाळ्यात काम नसतं, लग्नसराईत असतं. मग आम्ही विचारायचो, "महिन्याला किती सुटतात?" तो सांगायचा तो आकडा आणि आम्हाला पटायचा तो आकडा यांच्या मध्ये कुठं तरी शाई टेकायची.

त्यात पिवळ्या कार्डांना इष्टांक होता. म्हणजे दारिद्र्यरेषेखालची कुटुंबं इतकीच, असं वरून ठरून आलेलं. गरीब किती असावेत हे आधी ठरलेलं आणि मग ते शोधायचे, असा उलटा हिशेब. इष्टांक भरत आला की निरीक्षक साहेब म्हणायचे, "आता जरा हात आखडता घ्या." आम्ही घ्यायचो.

त्या काळात माझ्या डोक्यात रंगाचा संबंध फक्त गहू-तांदळाशी होता. हे मला आज खरं वाटत नाही, कारण गरिबाच्या दवाखान्याची आणि सरकारी कागदाची गाठ मी लहानपणीच घरात पाहिली होती.

माझे वडील सोलापुरात गिरणीत होते. त्यांच्याकडे ई.एस.आय.चं कार्ड होतं आणि ते कार्ड आमच्या घरात देवाच्या फोटोमागं ठेवलेलं असायचं. पगारातून थोडी कपात व्हायची, मालक त्याचा वाटा भरायचा, आणि आजारी पडलं की डॉक्टर, औषध आणि रजेच्या दिवसांचे थोडे पैसे मिळायचे. ही व्यवस्था कुणी आणली हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. प्रा. बी. पी. अडारकर. आपल्याकडचाच माणूस, पण शाळेच्या पुस्तकात नाव नाही. मार्च १९४३ मध्ये सरकारनं त्यांना कारखान्यातल्या कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना करायला सांगितली. मजूर खातं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडं होतं. विलायतेत सर विल्यम बिव्हरिजचा अहवाल येऊन चारच महिने झाले होते. अडारकरांनी १९४४ मध्ये अहवाल दिला. कापड, इंजिनिअरिंग, खनिज आणि धातू अशा तीन उद्योगांपासून सुरुवात करा, असं त्यात होतं. १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला पंडित नेहरूंच्या हस्ते योजना सुरू झाली. नेहरूंनी अडारकरांना 'छोटा बिव्हरिज' म्हटलं होतं.

गंमत पाहा, त्याच १९४३ सालात, ऑक्टोबरमध्ये, दुसरी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्यात बिशप्स आणि डेक्कन कॉलेजात. भोर समितीनं १९४६ मध्ये जे सांगितलं ते अगदी वेगळं होतं. पैसे नाहीत म्हणून कुणाचा उपचार अडता कामा नये, आणि त्यासाठी सरकारनं स्वतःच गावोगाव दवाखाने आणि इस्पितळं चालवावीत, कराच्या पैशातून. वर्गणी नाही, कार्ड नाही. म्हणजे एकाच वर्षी, एकाच सरकारात, दोन मराठी माणसांच्या टेबलांवर दोन वाटा होत्या. अडारकरांची वाट वर्गणीदारांची आणि भोरांची सगळ्यांची. आपण दोन्ही अर्ध्या अर्ध्या चाललो. भोरांच्या वाटेवर प्राथमिक आरोग्य केंद्रं झाली, पण त्यांच्या आकड्यांच्या जवळपासही पोचली नाहीत. अडारकरांच्या वाटेवर ई.एस.आय. झालं, पण ते कारखान्याच्या फाटकाबाहेर फारसं आलं नाही. शेतमजूर, हमाल, विडीवाली, शिंपी, मोलकरीण, यांच्यासाठी मालकाचा वाटा भरणार कोण? मालकच नाही.

आणि फाटकाच्या आतल्यांचंही तेवढंच. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा पगार गेला हे आम्हाला त्याच दिवशी कळलं. कार्ड गेलं हे कळायला आईच्या दम्याचा पुढचा झटका यावा लागला. ते निरुपयोगी कार्ड पुढं कितीतरी वर्षं फोटोमागं तसंच होतं. असो.

आता त्या तालुक्याच्या गावाकडं परत येतो.

आमच्या कचेरीच्या रस्त्यावर एक शिंपी होते. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. दुकान म्हणजे एका किराणा दुकानाचा ओटा, त्यावर पायमशीन. घरात बायको, आई, दोन मुलं. गावाबाहेर एकरभर जिरायत, ज्यात ज्वारी आली तर आली. मास्तरांनी अर्जात लिहिलं होतं वार्षिक उत्पन्न चौदा हजार चारशे. मी विचारलं, "मास्तर, महिन्याला बाराशेच? दिवाळीला तर तुम्हाला मान वर करायला सवड नसते." ते हसले. म्हणाले, "भाऊसाहेब, दिवाळी वर्षातनं एकदाच येती." मी पंधराशे धरले. बारा पंधरे एकशे ऐंशी. अठरा हजार. केशरी.

मला कुणी सांगितलं नव्हतं. निरीक्षकांनी त्या अर्जावर बोटही ठेवलं नव्हतं. इष्टांक भरत आला होता, टेबलावर गठ्ठा होता, आणि मास्तर भांडणारे नव्हते. कार्ड हातात घेऊन ते म्हणाले, "केशरी? चांगलाय की रंग. देवाचाय."

हे २००० सालचं. २००३ मध्ये मास्तर पुन्हा माझ्या टेबलापुढं आले. मुलगी बारा वर्षांची, जिना चढताना धाप लागते, ओठ काळेनिळे पडतात. पुण्याला दाखवलं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यानं हृदयाची झडप गेलेली. ऑपरेशन करावं लागेल. तिथल्या समाजसेविका बाईंनी सांगितलं होतं की सरकारची जीवनदायी योजना आहे, तिच्यातून पैसे मिळतात, पिवळं कार्ड घेऊन या.

जीवनदायी १९९७ पासून होती. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला हृदय, किडनी, मेंदू आणि मणक्याच्या मोठ्या आजारासाठी सरकार ठरावीक इस्पितळांना पैसे द्यायचं. योजना चांगली होती, पण आरोग्य खात्याची. आमच्या शाखेत तिची फाइल कधी आली नाही. मी तिचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. आणि ती मागत होती पिवळं कार्ड.

मास्तर म्हणाले, "भाऊसाहेब, एवढा रंग बदलून द्या."

मी हलवाहलव केली. खोटं कशाला सांगू, बरीच केली. नायब तहसीलदारांकडं गेलो, टिपणी लिहिली. पण केशरीचं पिवळं करणं म्हणजे कुणाचं तरी पिवळं कमी करणं. यादी बंद, फेरतपासणी पुढं कधीतरी. टिपणीवर शेरा आला, 'नियमानुसार कार्यवाही करावी.' या शेऱ्याचा अर्थ नोकरी केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पुढं चार महिन्यांत माझी बदली झाली आणि मी गेलो. मास्तरांना सांगूनही गेलो नाही.

मी परत सोलापूरला आलो. आमचं घर पूर्व भागाला लागून. तिथं तेलुगू बोलणारी पद्मशाली मंडळी कितीतरी पिढ्यांपासून आहेत, घरात माग, बायका विड्या वळणाऱ्या. आमच्या शेजारच्या अक्काही विड्याच वळायच्या. २००७ च्या उन्हाळ्यात अक्का एक बातमी घेऊन आल्या. त्यांचा चुलतभाऊ महबूबनगरकडं असतो, त्याच्या हृदयाचं ऑपरेशन हैदराबादच्या मोठ्या खासगी इस्पितळात झालं आणि एक पैसा लागला नाही. "कसं काय?" म्हटलं तर म्हणाल्या, "पांढरं कार्ड दाखवलं."

मी म्हटलं, अक्का, काहीतरी चुकतंय, पांढरं कार्ड श्रीमंताचं असतं. चुकत मी होतो. आंध्रात गरिबाचं कार्ड पांढरं. तिकडं वरच्यांचं गुलाबी. जो रंग आमच्याकडं दार लावायचा तोच दोनशे किलोमीटरवर दार उघडत होता. रंगात काही नसतं हे कळायला मला शेजारणीचा चुलतभाऊ लागला.

ती योजना म्हणजे आरोग्यश्री. १ एप्रिल २००७ रोजी महबूबनगर, अनंतपूर आणि श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांत सुरू झाली. मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी स्वतः डॉक्टर. त्यांच्याकडं मुख्यमंत्री निधीतून उपचारासाठी पैसे मागणाऱ्यांची रांग लागायची. एकेकाला चेक देण्याऐवजी सरकारनं विम्याचा हप्ता भरावा आणि इस्पितळानं रोग्याकडं पैसेच मागू नयेत, ही कल्पना. कुटुंबाला वर्षाला दीड लाख, शिवाय पन्नास हजारांची जादा सोय. यात सगळ्यात मोठी गोष्ट अशी की पांढरी कार्डं आंध्रात अफाट वाटलेली होती, बहुतेक सगळ्या राज्याला पुरतील इतकी. त्यावर टीका खूप झाली. पण त्या सैलपणामुळंच योजना पसरली. आमच्यासारखा हात आखडता घेणारा कारकून तिथं मध्ये फारसा आला नाही.

दिल्लीनंही २००८ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना काढली, तीस रुपये नोंदणी आणि तीस हजारांचं संरक्षण, पण ती पुन्हा दारिद्र्यरेषेच्या यादीवर. म्हणजे पुन्हा इष्टांक.

महाराष्ट्रानं आरोग्यश्रीचा धडा २ जुलै २०१२ ला गिरवला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना. पहिल्या आठ जिल्ह्यांत आमचं सोलापूर होतं. कुटुंबामागं सुमारे ३३३ रुपये हप्ता सरकारचा, दीड लाखापर्यंतचं संरक्षण, किडनी बदलायची तर अडीच लाख, आणि ९७० च्या वर शस्त्रक्रिया आणि उपचार. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर झाली. मी तोवर निवृत्त झालो होतो. मेव्हण्याला भेटायला एका इस्पितळात गेलो तर दाराशीच छोटं टेबल, त्यामागं आरोग्यमित्र म्हणून एक मुलगी, आणि वर फलक. फलकावर लिहिलं होतं, पिवळे व केशरी शिधापत्रिकाधारक.

व केशरी. मी त्या फलकासमोर किती वेळ उभा होतो कोण जाणे. त्या मुलीनं विचारलं, "आजोबा, कार्ड आणलंय का?"

हे दोन शब्द सरकारी कागदावर यायला पंधरा वर्षं लागली. १९९७ च्या जीवनदायीत फक्त पिवळं, २०१२ च्या जीवनदायीत पिवळं आणि केशरी. कुणाच्याही उत्पन्नात फरक नाही. मास्तर २००३ मध्ये जेवढे गरीब होते तेवढेच २०१२ मध्ये. फक्त रेघ पंधरा हजारांवरून उचलून एक लाखावर ठेवली आणि सव्वादोन कोटींच्या आसपास कुटुंबं रेघेच्या आत आली. एवढं सोपं होतं तर आधी का नाही केलं, या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर आहे, ते म्हणजे पैसे. पण मग २०१२ मध्ये पैसे कुठून आले, याला नाही.

योजनेची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. ती इस्पितळात भरती होणाऱ्यांची योजना आहे. अक्कांना साखरेचा आजार, महिन्याच्या गोळ्या आयुष्यभर त्या विकतच घेत आल्यात. गरिबाचं घर ऑपरेशननं एकदा मोडतं आणि गोळ्यांनी रोज थोडं थोडं, आणि दुसऱ्या मोडण्याला या विम्यात जागा नाही. शिवाय खासगी इस्पितळाला ठरावीक शस्त्रक्रियेचे ठरावीक पैसे मिळायला लागले की ती शस्त्रक्रिया वाढते. २०१२ मध्ये छत्तीसगड आणि बिहारमधून बातम्या आल्या, गरज नसताना बायकांची गर्भाशयं काढली, का तर स्मार्ट कार्डावर पैसे होते. भोर वरून बघत असतील तर म्हणत असतील, मी इस्पितळं बांधा म्हटलं होतं, तुम्ही बिलं भरताय. आणि उलट बाजूही ऐकलेली आहे, दर परवडत नाहीत म्हणून 'बेड नाही' सांगणं किंवा हळूच अनामत मागणं. हे सगळं खरं. पण ज्याच्या मुलीच्या झडपेला पैसे हवेत त्याला हे सांगून पाहा.

२०१४ च्या जानेवारीत मी त्या तालुक्याच्या गावी गेलो. बायकोला सांगितलं जुन्या सहकाऱ्याकडं लग्न आहे. ओटा होता, किराणा दुकान मोबाइलचं झालं होतं, मशीन नव्हतं. विचारत विचारत एका रेडिमेडच्या दुकानात पोचलो. मागच्या खोलीत मास्तर दुसऱ्याच्या मशीनवर बसून पँटी आखूड करत होते. चष्मा आला होता. मला त्यांनी लगेच ओळखलं.

"भाऊसाहेब! या या. पोरा, चहा सांग रे."

मुलगी आहे. ऑपरेशन २००४ च्या दिवाळीनंतर झालं. एकर विकलं, मशीन विकलं, बायकोचे दागिने आणि वर सावकार. वर्षभर उशीर झाला, त्यानं त्रास वाढला, पण झालं. आता तिचं लग्न झालंय, जपून राहावं लागतं, रक्त पातळ व्हायची गोळी रोज. मुलगा दहावीनंतर शिकला नाही. कर्ज फिटेपर्यंत तोही मशीनवरच. हे सगळं त्यांनी हवापाण्याच्या गप्पा मारतात तसं सांगितलं.

मी म्हटलं, "आता केशरीलाही मिळतं मास्तर. नवीन योजना आलीय."

"ऐकलं," ते म्हणाले. "तेव्हा नियमच नव्हता ना. तुम्ही तर किती खटपट केली. घरी अजून नाव काढतात."

चहा गोड होता. मी तेव्हा बोलू शकलो असतो. अठरा हजार हा आकडा नियमाचा नव्हता, माझा होता, एवढंच वाक्य. ते वाक्य घेऊनच मी एस.टी.त बसलो होतो आणि ते तसंच घेऊन परत आलो. मास्तरांच्या घरात माझं नाव अजून चांगल्या अर्थानं निघत असावं.

पुढचं भराभर सांगतो, कारण ते पेपरात सगळ्यांनी वाचलंय. २०१७ मध्ये योजनेचं नाव महात्मा फुले यांच्यावरून ठेवलं गेलं, लोक अजून जीवनदायीच म्हणतात. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीहून केंद्राची आयुष्मान भारत योजना सुरू झाली, कुटुंबाला पाच लाखांची, पण २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीच्या यादीवर. महाराष्ट्रात त्या यादीत ८३ लाखांवर कुटुंबं. २०२० मध्ये दोन्ही योजना जोडल्या, आणि त्याच वर्षी करोनानं जे कुठल्या समितीला जमलं नाही ते केलं, पांढऱ्या कार्डालाही आत घेतलं. २८ जून २०२३ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळानं ठरवलं की योजना सगळ्यांना आणि रक्कम पाच लाख. रंग संपला. मी अकरा वर्षं ज्या रेघा मारल्या त्या दवाखान्यापुरत्या तरी पुसल्या गेल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांसाठी वेगळं कार्ड निघालं, उत्पन्न कितीही असो.

मी सत्तरी ओलांडलीय. मुलगा मागं लागला म्हणून मीही सेवा केंद्रात गेलो. माझं रेशनकार्ड पांढरं, पेन्शन चालू, आणि मी सरकारी विम्याच्या रांगेत. पुढं एक म्हातारी होती, तिच्या हातात पिशवी, पिशवीत सगळे कागद, सवयीनं आणलेले. उत्पन्नाचा दाखलासुद्धा होता. केंद्रातल्या मुलानं तो बाजूला सारला. "आजी, हे नको. फक्त आधार."

माझा नंबर आला. त्यानं कॅमेऱ्यात बघायला सांगितलं, फोनवर आलेला आकडा विचारला. दहा मिनिटांत झालं. जुनी सवय म्हणून मी वाकून त्याच्या स्क्रीनवरचा फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. नाव, जन्मतारीख, पत्ता, जिल्हा. उत्पन्नाचा रकाना शोधला. नव्हता.

"काय पाहिजे बाबा?" तो म्हणाला.

मी म्हटलं, "काही नाही."